पुकाळेबाईंचा निगेटिव्ह रिपोर्ट

“माझं कुठं ठेवलंय?”

लॅबच्या दारात पन्नाशी उलटलेली एक बाई उभी होती. काखेत रिपोर्टची फाइल, हातात पाण्याची बाटली, आणि चेहऱ्यावर पोस्टात पार्सल सोडवायला आल्यासारखा भाव.

“काय?” मी विचारलं.

“थान. डावं. पाच आठवड्यांमागं तुमच्या लोकांनी कापून नेलं. इथंच आणलं म्हणे.”

“मावशी, इथं पेशंटला परवानगी नाही.”

“माझा एक भाग आधीच आत आहे,” बाई म्हणाल्या. “उरलेलीला कशाला परवानगी लागते?” आणि चपला काढून त्या आत आल्या.

या गोष्टीला तेरा वर्षं झाली. हॉस्पिटल ट्रस्टचं होतं, सोलापूरच्या बाजूचं. नाव सांगत नाही, कारण तिथले निम्मे लोक मला अजून दिवाळीला मेसेज पाठवतात. मी चोवीस वर्षांची होते आणि टेक्निशियन म्हणून लागून सात महिने झाले होते. गाठीचा तुकडा मेणात बसवायचा, केसापेक्षा पातळ कापायचा, काचेवर चिकटवायचा, रंगवायचा आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायचा, एवढं माझं काम. पेशंट मी नावानं ओळखत नसे, नंबरानं ओळखत असे. नंबर कधी चपला काढून आत येत नाही.

“कलावती पुकाळे,” त्यांनी स्वतःच सांगितलं. “पुकाळे डाइंग. साडी, परकर, फॉल, अस्तर, काय पाहिजे त्या रंगात रंगवून मिळेल. कुठाय ते?”

मी मागच्या फळीकडे बघितलं. तिथं फॉर्मॅलिनच्या झाकणबंद बादल्या ओळीनं होत्या. माझी नजर त्यांच्याही लक्षात आली.

“बादलीत?” बाई म्हणाल्या. “पंचावन्न वर्षं वागवलं, दोन पोरं पाजली, आणि शेवटी बादली.”

तेवढ्यात आतल्या खोलीतून डॉक्टर हुपरीकर बाहेर आले. हुपरीकर आमच्या विभागाचे प्रमुख. हुशार माणूस, पण स्वतःच्या बोलण्यावर इतका लुब्ध की समोर श्रोता दिसला की हातातलं काम विसरायचा. नुकताच त्यांनी दोघांना एकदम बघता येईल असा मायक्रोस्कोप मागवून घेतला होता, शिकवायला म्हणून. शिकायला आमच्याकडे कुणी नव्हतं. मी एकदा बसले होते, तर पहिल्या वीस मिनिटांत त्यांनी मला लंडनमधल्या एका परिषदेचं जेवण सांगितलं.

“काय काम आहे?” त्यांनी विचारलं.

बाईंनी फाइल उघडून पुढं धरली. “यात लिहिलंय निगेटिव्ह. वरच्या डॉक्टरांना विचारलं, म्हणजे काय? ते म्हणाले, रिसेप्टर नाहीत. मी म्हटलं, म्हणजे काय? ते म्हणाले, पुढचा पेशंट. सही तुमची आहे, म्हणून तुमच्याकडे आले.”

हुपरीकरांचा चेहरा उजळला. त्यांनी खुर्ची ओढून दिली. “बसा. आणखी कुणी आहे बरोबर?”

“मालक आहेत, खाली रिक्षात. त्यांना हॉस्पिटलचा वास सोसत नाही. कापायचं माझं होतं, चक्कर त्यांना आली.”

हुपरीकर हसले आणि सुरू झाले. “असं बघा. प्रत्येक पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतात. तुम्ही कान समजा. बाहेरून निरोप येतो की वाढ. कान तो ऐकतात, आत कळवतात, आणि पेशी वाढते. चांगल्या पेशीला असे कान मोजके. काही गाठींत मात्र एका जातीचे कान इतके फुटतात, की पेशीला दिवसभर तेवढंच ऐकू येतं. वाढ, वाढ, वाढ.”

“म्हणतं कोण तसं?”

“हा चांगला प्रश्न आहे. याच्याशी थेट बोलणारा कुणी सापडलेलाच नाही. हा करतो काय, तर शेजारच्या रिसेप्टरच्या हातात हात घालतो आणि त्याचा आवाज मोठा करतो.”

“कानाला हात कुठनं आले?”

हुपरीकर क्षणभर थांबले. सात महिन्यांत त्यांना थांबलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

“असू द्या,” बाई म्हणाल्या. “कळलं मला. आमची मोठी जाऊ तशीच आहे. तिला स्वतःला कुणी काही म्हणत नाही, पण दुसऱ्याचं ऐकून घरभर ओरडती. मग? माझ्या गाठीला ते कान नाहीत?”

“जास्तीचे नाहीत. म्हणून निगेटिव्ह. असते तर ते बंद करणारं औषध आहे, ते दिलं असतं. कानवाली गाठ जोरात वाढते, पण त्या औषधाला वचकते. तुमच्या गाठीवर ते चालणार नाही, कारण ते जाऊन बसायचं कुठं?”

बाईंनी यावर विचार केला. मग म्हणाल्या, “दाखवा.”

“काय?”

“कान नाहीत ते.”

“नसलेली गोष्ट कशी दाखवणार?”

“मी रोज दाखवते की. गिऱ्हाईक म्हणतं, बाई, इथं रंगच बसला नाही. मी उन्हात नेऊन दाखवते, बसलाय का नाही ते.”

हुपरीकरांना त्यांचा नवा मायक्रोस्कोप कुणालातरी दाखवायचाच होता. “सुवर्णा,” ते म्हणाले, “यांच्या काचा आण.”

मी म्हटलं, “सर, त्या बहुतेक खालच्या कपाटात गेल्यात. शोधायला वेळ लागेल.”

“मला घाई नाही,” बाई म्हणाल्या. “घाई होती ती गाठीला.”

मी आत गेले. काचा डोळ्यांसमोर होत्या. मी दोन मिनिटं तशीच उभी राहिले, मग साध्या रंगाची काच तेवढी घेऊन बाहेर आले. त्या काचेवर सगळंच गुलाबी आणि जांभळं असतं, त्यात रिसेप्टरचा संबंध नसतो. बाईंनी डोळा लावला.

“हे माझं?”

“तुमचं.”

“गुलाबी छान आलाय. धुतल्यावर राहतो का?”

“कायमचा राहतो,” हुपरीकर म्हणाले. “पण ही ती काच नव्हे. सुवर्णा, रिसेप्टरची आण.”

आता मात्र ती आणावी लागली. काचेवर दोन तुकडे होते, नखाएवढा एक आणि त्याच्या बाजूला डाळीच्या दाण्याएवढा दुसरा. हुपरीकरांनी काच बसवली, मोठा तुकडा भिंगाखाली आणला आणि सांगू लागले. कान असते तर प्रत्येक पेशीच्या कडेनं तपकिरी रेघ दिसली असती, जाळीसारखी. इथं पेशी नुसत्या निळ्या आहेत, कडा कोऱ्या आहेत. म्हणजे कान नाहीत.

बाईंनी बघितलं. “निळं दिसायलंय खरं.” मग डोळा काढून त्या थेट काचेकडे बघायला लागल्या. “आणि हा बाजूचा तुकडा? तोही माझाच?”

“नाही, तो दुसऱ्या एका बाईंचा. जुना आहे. त्यांना भरपूर कान होते हे आम्हाला माहीत आहे. म्हणून दरवेळी तो सोबत लावतो. त्यावर तपकिरी रंग आला, की काम नीट झालं असं समजायचं. त्याला कंट्रोल म्हणतात.”

“तो दाखवा की मग. तपकिरी कसा दिसतो ते तरी कळंल.”

“जरूर,” म्हणत हुपरीकरांनी काच सरकवली आणि बाईंच्या आधी स्वतः डोळा लावला. त्यांच्या तोंडात एक वाक्य तयार होतं, ते तसंच राहिलं.

बाईंनी दुसऱ्या बाजूनं डोळा लावला. “हाही निळाच दिसायलाय.”

हुपरीकरांनी भिंग बदललं, दिवा वाढवला, काच इकडून तिकडे फिरवली. रंग फिरवून येत नाही हे त्यांनाही माहीत होतं.

“मी सांगू का?” बाई म्हणाल्या. “आमच्यात साडी रंगात टाकताना सुती पांढरी चिंधी सोबत टाकतात. साडीला रंग बसला नाही आणि चिंधीला बसला, तर दोष साडीचा. दोघींनाही बसला नाही, तर साडीला बोल लावायचा नाही. रंग मेलेला असतो.”

हुपरीकर सरळ बसले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याला मी तयार होते. काय सांगायचं तेही मी आतल्या दोन मिनिटांत ठरवून ठेवलं होतं. कंपनीचा माल खराब आला असेल सर. उन्हाळा आहे, वाटेत तापला असेल. हे चाललं असतं, कारण असं होतं.

पण मग बाईंनी माझ्याकडे बघितलं. चष्मा पुसला, परत लावला, डोळे बारीक केले आणि पुढं वाकून माझ्या गळ्याशी कुठंतरी नजर रोखली. किती वेळ बघत होत्या कोण जाणे. मग मान हलवली आणि हळूच म्हणाल्या, “कच्चं आहे सगळं.”

मी बाजूच्या टेबलाला धरलं आणि बोलायला लागले.

मी सांगितलं ते असं. कान शोधायचे तर काचेवर अँटिबॉडी घालावी लागते. ती कानांना जाऊन चिकटते, आणि ती चिकटेल तिथंच पुढं तपकिरी रंग चढतो. ती एका छोट्या कुपीत येते आणि फ्रिजमध्येच ठेवायची असते. मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी मला बघायला मंडळी येणार होती. मी घाईत निघाले आणि कुपी टेबलावर राहिली. रविवारी सोलापुरात चव्वेचाळीस होतं आणि लॅबचा एसी बंद. सोमवारी सकाळी मी आले, कुपी बघितली, आणि कुणी यायच्या आत गुपचूप फ्रिजमध्ये ठेवून दिली. मंगळवारी त्याच कुपीनं चौदा बायकांच्या काचा रंगवल्या. वाळवतानाच मला दिसलं होतं, एकाही कंट्रोलला धड रंग नव्हता. मी स्वतःला म्हटलं, जरा फिका आलाय एवढंच. पुढच्या आठवड्यात नवी कुपी उघडली, तर कंट्रोल चहाच्या डागासारखा गडद. तेव्हा तर खात्रीच झाली. त्यावर मी काय केलं? जुनी कुपी टाकून दिली.

“स्थळाचं काय झालं?” पुकाळेबाईंनी विचारलं.

“नाही म्हणाले.”

“बरं.”

हुपरीकरांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी रिपोर्ट उचलला, पेननं आडवी रेघ मारली आणि बाईंना म्हणाले, “हा रद्द. आठ दिवसांनी या. नवीन तपासणी करतो.” बाई गेल्यावर ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी राजीनाम्यासाठी कोरा कागद शोधत होते.

“कागद ठेव तो,” ते मागं न वळता म्हणाले. “तुला काढायला मला फार आवडलं असतं. पण चौदा काचा मी बघितल्या आणि चौदाच्या चौदा वेळा कंट्रोल बघितला नाही. त्या शनिवारी तुला मंडळी बघायला येणार होती, मला ते कारणही नव्हतं. दोघांनाही काढलं तर काचा कोण बघणार? पुकाळेबाई?”

पुढचे चार दिवस मी चौदाही जणींचे तुकडे पुन्हा कापले आणि पुन्हा रंगवले. या वेळी हुपरीकर प्रत्येक काचेवर आधी बाजूचा तुकडा बघत, मला बोलावून दाखवत, आणि मगच मोठ्याकडे वळत. लंडनचा विषय निघाला नाही. अकरा निकाल तेच राहिले. तीन बदलले, त्यांत एक कलावती पुकाळे. इतकी सुरेख तपकिरी जाळी होती, की मला बघवेना.

आठव्या दिवशी बाई आल्या. काचेत डोळा घालून म्हणाल्या, “मेल्याला नुसते कानच कान आहेत.” औषध सुरू होणार म्हटल्यावर वर्षभर दर तीन आठवड्यांनी यावं लागेल, केमोनं केस जातील, हृदयाची तपासणी होत राहील, हे सगळं त्यांनी गिऱ्हाइकाचं माप घ्यावं तसं ऐकून घेतलं. निघताना त्या माझ्या टेबलाशी आल्या. मी गेले आठ दिवस एक वाक्य पाठ करत होते, ते म्हटलं.

“मावशी, त्या दिवशी तुम्ही ओळखलंत म्हणून बरं झालं.”

“काय ओळखलं?”

“माझी चूक. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात ना, कच्चं आहे सगळं.”

त्या जरा गोंधळल्या आणि मग त्यांना आठवलं. “ते होय? अगं, तुझ्या ओढणीला म्हटलं ते. घामानं पिवळा रंग उतरून पार गळ्याला लागला होता. माझा जीव तिथंच अडकलेला. कुठनं घेतलीस?”

मी गळ्याला हात लावून बघितला.

“म्हणजे मी तसं म्हटलं नसतं,” बाई सावकाश म्हणाल्या, “तर तू बोलली नसतीस?”

खोटं बोलायला चांगली संधी होती. “नसते बोलले,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. रागावल्या नाहीत, समजूतही घातली नाही. “ओढणी आणून दे एकदा,” एवढं बोलून जिना उतरून गेल्या. खालून रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला. मला वाटलं होतं की मी खरं बोलले. आता कळलं, की मी फक्त पकडले गेले होते, आणि तेही कुणी पकडलेलं नसताना.

राहिल्या दोघी. एक उमरग्याच्या शिक्षिका, त्या फोनवर सापडल्या आणि दुसऱ्या दिवशी हजर झाल्या. दुसऱ्या सुगलाबाई बिराजदार, अक्कलकोटच्या पुढं, अगदी हद्दीवरच्या गावातल्या. केमोची एक फेरी घेऊन ती बाई जी गेली ती परत आलीच नव्हती. कागदावर नंबर भाच्याचा होता. मी फोन करून म्हटलं, सुगलाबाईंच्या रिपोर्टमध्ये बदल झालाय, त्यांची माहिती हवी आहे. तो म्हणाला, “ओटीपी देणार नाही,” आणि फोन ठेवला. तीनदा असंच झालं.

“पत्र पाठवू या,” हुपरीकर म्हणाले. “लिही की तपासणी पुन्हा केली, निकाल बदलला, भेटा. का बदलला ते लिहायची गरज नाही.”

रविवारी मी एसटीनं गेले. कुणी पाठवलं नव्हतं. दोन गाड्या बदलून उतरले तेव्हा अकरा वाजले होते आणि फाट्यापासून पुढं अर्धा तास चालायचं होतं. घर सापडलं. सुगलाबाई ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. पुकाळेबाईंपेक्षा थोड्या मोठ्या असतील, डोक्यावर गच्च पदर, शरीर निम्मं झालेलं. दवाखान्यातून आले म्हटल्यावर त्यांनी शेंगा बाजूला केल्या.

“इतक्या लांब माझ्यासाठी आलीस? मोठ्या डॉक्टरला माझी आठवण हाय?”

मी सांगितलं की निकाल बदललाय, तुमच्या गाठीवर चालेल असं औषध आहे, ट्रस्ट देणार आहे, तुम्ही परत यायला पाहिजे. त्या म्हणाल्या, एका बाटलीनं पंधरा दिवस अन्न गेलं नाही, पोटचं कुणी नाही, कशाला यायचं म्हणून राहिले. मग माझा हात हातात घेऊन त्यांनी शेजारणीला हाक मारली आणि कानडीत काहीतरी सांगितलं. शेजारीण माझ्याकडे देवीकडे बघावं तशी बघायला लागली.

“काय म्हणाल्या?” मी शेजारणीला विचारलं.

“म्हणाली, सरकारी माणूस पाणी पाजत न्हाई आणि ही पोरगी उन्हातनं चालत आली. आईचं पुण्य मोठं असंल म्हणाली.”

मग शेजारणीनंच आतून ताट आणलं आणि ती पाणी आणायला गेली. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, वर वाटीभर आमटी. मी पहिला घास तोडला आणि तो हातातच राहिला. इथं कुणी काही ओळखलेलं नव्हतं, कुणी ओळखणारही नव्हतं. जेवून, आशीर्वाद घेऊन परत जाता आलं असतं.

“मावशी,” मी म्हटलं, “पहिला निकाल माझ्यामुळं चुकला. औषध उन्हात राहिलं ते माझ्या हातनं. मला कळलं होतं, तरी मी सांगितलं नाही. तुमचा दीड महिना माझ्यामुळं वाया गेला.”

पाणी घेऊन आलेल्या शेजारणीनं विचारलं काय झालं, तिला सुगलाबाईंनी कानडीत सांगितलं. शेजारणीच्या चेहऱ्यावरची देवी तिथल्या तिथं उतरली.

मी ताट बाजूला सारायला लागले.

“जेव,” सुगलाबाई म्हणाल्या. “ताटावरच्या माणसाला मी शिव्या देत न्हाई.”

मी जेवले. आयुष्यात एवढी सावकाश कधी जेवले नसेन. त्या समोर बसून वाढत होत्या. अर्धी भाकरी नको म्हटलं तरी वाढली. मी हात धुतले, पदर नव्हता म्हणून ओढणीला पुसले, आणि पायरीवर येऊन बसले.

मग त्यांनी शिव्या दिल्या. आधी मराठीत, मराठीतल्या संपल्यावर कानडीत, आणि मधे दम लागला तेव्हा शेजारणीनं गाडा पुढं नेला. माझा जन्म, माझं शिक्षण, मला बघायला येणारी मंडळी, त्यांच्या पुढच्या सात पिढ्या, कुणी सुटलं नाही. चांगला पाऊण तास. केमोनं खचलेल्या बाईत एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं, आणि मला ते ऐकताना, खरं सांगते, बरं वाटत होतं.

संपल्यावर त्या घटाघटा तांब्याभर पाणी प्यायल्या, उठून आत गेल्या आणि एक पिशवी घेऊन बाहेर आल्या. त्यात दोन लुगडी होती आणि वर दवाखान्याची जुनी फाइल.

“एसटी कितीची हाय?” त्यांनी विचारलं.